स्वतःला किती देशील?

नाही, मला एक सांगा, हिरव्या शाईत कुणी तुमचे वाभाडे काढलेत कधी? माझे काढलेत. अख्खं सेमिस्टर काढलेत. लाल शाईनं म्हणे मुलांच्या मनावर ओरखडे उठतात, म्हणून हिरवी. म्हणजे सुरी तीच, फक्त मुठीला फुलाफुलांचं कापड गुंडाळलेलं... आणि हे सगळं कशासाठी, तर माझ्या मनःशांतीसाठी!

तुम्हाला सांगतो, माझी मनःशांती जानेवारीपर्यंत ठणठणीत होती. कॅनडातल्या विनिपेगमध्ये उणे एकतीसात बसस्टॉपवर उभा राहणारा माणूस आहे मी, मला कसली आलीय चिंता? पण मग पहिल्या तासाला ग्वेन आल्या. ग्वेन म्हणजे प्रोफेसर ग्वेन फ्रीसन, आम्हाला 'आरोग्य आणि समाज' शिकवतात, वय साठ, हातानं विणलेला स्वेटर, आवाज असा की दंतवैद्याकडे ऐकायला मिळाला तर माणूस दात काढून हातात देईल. म्हणाल्या, "मला प्रोफेसर वगैरे नका म्हणू, ग्वेन म्हणा." म्हटलं बरं. मग म्हणाल्या, "आणि या वर्गात मार्क नाहीत."

बाहेर उणे एकतीस होतं, पण गारठलो मी आत.

मार्क नाहीत म्हणजे? सहा निबंध लिहायचे. त्या वाचणार, समासात हिरव्यानं अभिप्राय लिहिणार. आपण तो वाचायचा, खाली उत्तर लिहायचं, पुढच्या निबंधात सुधारायचं. आणि एप्रिलमध्ये दोघांनी समोरासमोर बसायचं आणि आपला आकडा आपणच सांगायचा. "आकड्यानं मुलं घाबरतात," ग्वेन म्हणाल्या, "आणि घाबरलेलं मूल शिकत नाही." अहो पण आकडा नसला की मूल काय करतं हे बघितलंय का कुणी? रात्रंदिवस आकड्याचाच विचार करतं!

कारण मला जायचंय नर्सिंगला. आणि नर्सिंगवाल्यांना मनःशांतीशी काही देणंघेणं नाही, त्यांना या विषयात पंचाहत्तर हवेत. पंचाहत्तर पडले तर सप्टेंबरमध्ये प्रवेश, चौऱ्याहत्तर पडले तर वर्षभर मामाच्या गाद्यांच्या दुकानात गिऱ्हाइकाला 'झोपून बघा, झोपून बघा' म्हणत बसायचं. एवढाच प्रश्न आहे माझ्या आयुष्यात. बाकी मी समाधानी आहे.

तर पहिला निबंध परत आला. उघडला. हिरवंगार. शेत म्हणावं इतकं हिरवं! "ओरेस्ट, तुझी सुरुवात उत्साही आहे." उत्साही म्हणजे किती? "हा परिच्छेद तू कुणासाठी लिहिलास, याचा विचार कर." करतो, पण मार्क किती? "हे वाक्य मी तीनदा वाचलं." आवडलं म्हणून तीनदा की कळलं नाही म्हणून तीनदा? मी पान उजेडाला धरलं हो, पाठीमागून काही पेन्सिलीत दिसतंय का ते बघायला. काही नाही. मग मी प्रत्येक हिरव्या ओळीखाली एकेक ओळ लिहिली, "धन्यवाद, नोंद घेतली." अकरा अभिप्राय, अकरा वेळा नोंद घेतली. तलाठ्यानं घेतली नसेल एवढी नोंद घेतली.

घरी गेलो तर आई. आमची आई एकोणतीस वर्षं बस चालवतेय, तिला आडवळण माहीत नाही.

"झाला का निबंध?"

"झाला. उत्साही सुरुवात आहे म्हणाल्या."

"ते असू दे. मार्क किती?"

"मार्क नसतात तिथे, आई. अभिप्राय असतो."

"म्हणजे नापास झालास."

"अगं नाही..."

"मग आकडा सांग की. मी बस चालवते, वरचे म्हणतात सहा मिनिटं उशीर. मला कधी म्हणतात का, हेलन, तुझं वळण भावपूर्ण होतं?"

मी दुसरा निबंध लिहायला बसलो.

दुसरा निबंध, हिरवा. तिसरा, हिरवा. बटाट्याच्या सुपावर शेपू भुरभुरलेली बघितली तरी मी त्यात अभिप्राय शोधायला लागलो. शेवटी गेलो विद्यार्थी कल्याण केंद्रात. तिथे आमच्यासाठी कुत्री ठेवतात, खरंच ठेवतात, बुधवारी, लोक आपापली कुत्री घेऊन येतात आणि मुलं रांगेत उभी राहून सहा-सहा मिनिटं कुरवाळतात, मन हलकं होतं म्हणे. माझ्या वाट्याला पांढरं केसाळ कुत्रं आलं, चांगलं होतं बिचारं, मी त्याला सगळं सांगितलं, पंचाहत्तर, नर्सिंग, गाद्या. त्यानं माझं तोंड चाटलं. मी म्हटलं, बघा, यानंसुद्धा अभिप्रायच दिला. मार्क किती?

आणि या सगळ्यात ती रोवेना. माझ्याच बाकावर बसते, मनिलाहून आली, तिलाही नर्सिंगला जायचंय, तिची आई नर्स, मावशी नर्स, दोन मावसबहिणी नर्स, त्यांच्या घरात ताप आला तर प्यायला पाणी आणायला माणूस मिळत नाही, सगळे नाडीच बघत बसतात. ही बाई प्रत्येक हिरवी ओळ वाचायची. खाली अर्धं अर्धं पान उत्तर लिहायची.

मी म्हटलं, "एवढं कशाला लिहितेस? मार्क थोडेच आहेत?"

म्हणाली, "अरे शहाण्या, तिनं विचारलंय, मी उत्तर देतेय. तू काय लिहितोस?"

"नोंद घेतली."

"कुठे घेतलीस?"

आता कुठे काय? घेतली म्हणजे घेतली!

असो. आला एप्रिल. रोवेनाची पाळी माझ्या आधी. चार मिनिटांत बाहेर आली, स्वेटरच्या बाह्या सारख्या करत.

"किती म्हणालीस?"

"ब्याण्णव."

"तोंडानं? स्वतःच्या?"

"मग काय तुझ्या? पुरावा मागितला तिनं. मी दाखवला. ब्याण्णव लिहिले."

"आणि लाज?"

"लाज नर्सिंगच्या फॉर्मात विचारत नाहीत."

मी आत गेलो. घरून पाठ करून निघालो होतो, अठ्ठ्याऐंशी. आरशासमोर म्हणून बघितलं होतं, ठाम आवाजात, नजर वर. ग्वेननी माझे सहाही निबंध टेबलावर मांडले, चहा दिला, आणि त्या आवाजात विचारलं, "मग ओरेस्ट, स्वतःला किती देशील?"

आणि इथे माझा घात झाला. कुणी केला? संस्कारांनी! आमच्या युक्रेनी घरांतली रीत माहितीये ना तुम्हाला? रविवारी आत्याकडे जेवायला गेलं, तिनं पिरोग्यांचं, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्यांचं, पातेलं पुढे केलं, तर 'हो' म्हणायचं नसतं. 'नको गं आत्या, पोट भरलं.' मग ती म्हणते, 'हॅ, पोट भरलं म्हणे, वाळलायस बघ,' आणि आठ वाढते. मग आपण 'बास बास' म्हणायचं आणि ती अजून चार वाढते. आमच्या घरात आजवर कुणी एकदाही 'हो, वाढ' म्हटलेलं नाही आणि उपाशी कुणी मेलेलं नाही. आता समोर एवढी प्रेमळ बाई, हातात चहा, टेबलावर बिस्किटं... तोंडातून अठ्ठ्याऐंशी निघेना हो! मी खाली मान घालून म्हटलं, "काय, आपले... एकाहत्तर."

आणि थांबलो. आता त्या 'हॅ' म्हणणार.

ग्वेननी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, "एवढ्या प्रामाणिकपणे स्वतःकडे बघणारा विद्यार्थी मला नऊ वर्षांत भेटला नाही." आणि लिहिले. एकाहत्तर. हिरव्यानं.

म्हटलं, "नाही म्हणजे... तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटतं हे महत्त्वाचं नाही."

"पण समजा असतं तर?"

"मी अठ्ठ्याहत्तरला सही केली असती. पण तुझ्या निर्णयाचा मान राखायला नको का?"

अहो, राखू नका ना मान! कोण म्हणतंय राखा? वाढा की!

आईला फोनवर सांगितलं. तिनं आधी बस स्टॉपला लावली. मग म्हणाली, "म्हणजे परीक्षकही तूच होतास?"

"हो."

"आणि वशिला लागला नाही?"

धावत गेलो फेरतपासणीच्या खिडकीवर. तिथल्या बाईंनी अर्ज बघितला. "पहिली पायरी, ज्यांनी गुण दिले त्यांच्याशी समक्ष चर्चा. झाली?"

म्हटलं, "ते मीच आहे."

"मग बरंच आहे की. लोकांना भेटीची वेळ मिळत नाही."

"आणि चर्चेत ते तयार झाले तर?"

"तर बदलून मिळतील. मात्र कुठल्या निबंधात, कुठल्या पानावर, कशाबद्दल, ते त्यांच्या हातचं लिहून आणा. नुसतं 'वाढवावेत' चालणार नाही."

चार मार्क, तुम्हाला सांगतो, फक्त चार! सहा निबंधांत चार मार्कांचं कुठेतरी सापडेलच की. कॉरिडॉरमध्ये बाकावर बसलो, पेन उघडलं, आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं, हिरव्यासकट, जानेवारीपासून पहिल्यांदाच नीट. 'हे वाक्य मी तीनदा वाचलं.' मी चारदा वाचलं. काय म्हणायचं होतं मला? 'हा परिच्छेद कुणासाठी?' अगदी रास्त प्रश्न आहे हो... आणि खाली, 'धन्यवाद, नोंद घेतली.' दुसरा निबंध, तीच चूक. 'नोंद घेतली.' पाचव्यातही तीच! मला घाम फुटला. विनिपेगमध्ये, एप्रिलमध्ये, घाम!

खिडकी बंद व्हायच्या आत बाईंनी विचारलं, "काय म्हणाले?"

काय म्हणणार? तीन तास समजावलं त्याला, हातापाया पडलो, नर्सिंगचं सांगितलं, गाद्यांचं सांगितलं. माणूस वाईट नाही, मनातून कळवळतोही माझ्यासाठी... पण ऐकत नाही हो. आता त्यानं माझे निबंध वाचलेत.