शिक्का मारायचा कोणी?

अहो, आमच्या कामशेतच्या कारखान्यात काय झालं ते ऐका. परदेशी जाणाऱ्या मालाखालच्या लाकडी पॅलेट आधी भट्टीत तापवतात, म्हणजे लाकडातली कीड मरते. मग मी त्यांवर तापवल्याचा शिक्का मारते. परवा गाडी दारात उभी आणि पॅलेट तापवायच्याच राहिलेल्या.

नवे साहेब म्हणाले, "मावशी, मारा शिक्के. बघून कुणाला कळतंय?"

"भट्टी लागल्याबिगर मी न्हाई मारायची."

"मग उद्यापासून येऊ नका!"

मी शिक्का त्यांच्या हातात दिला. "तुमीच मारा. पन आदी भट्टीच्या वहीत 'तापवलं' लिवून खाली सही करा."

साहेबांनी वही उघडली आणि तशीच मिटली. मग ओरडले, "भट्टी पेटवा रे!" आणि शिक्का माझ्यापुढे धरला.

मी हात मागंच ठेवला. म्हटलं, "आदी सांगा, उद्या यायचं का न्हाई?"