नऊ बॅटवाले, दोन बॉलर

कळसाडीकर मंडळी, इतक्या उन्हात तुम्ही आलात. बसा. मांडव मीच घालू दिला नाही. बोलायला उभा राहिलोय. आणि नुसत्या दुःखानं नाही, रागानंही.

नथूभाऊ याच मैदानावर गेला. शहाद्याच्या संघाला चेंडू टाकता टाकता गेला.

आपला संघ कसा निवडतात, ठाऊक आहे ना? प्रत्येक मोठ्या घरातला एक पोरगा. आणि मोठ्या घरचा पोरगा चेंडू टाकत नाही. चेंडू टाकणं म्हणजे राबणं! त्याला बॅटच लागते. म्हणून बॅटवाले नऊ आणि बॉलर दोन. एका बाजूनं नथूभाऊ, दुसऱ्या बाजूनं मी.

त्यानं विनवलं होतं. आपले अध्यक्ष रावसाहेब छत्री उघडून पहिल्या रांगेत बसलेत, त्यांना विचारा. "रावसाहेब, दोन बॅटवाले कमी करा, दोन बॉलर द्या. ऐन वैशाखात दोघांनी किती टाकायचं?" रावसाहेब काय म्हणाले? "चेंडू काय रे, कोणीही फेकतो. धावा कोण काढणार, तू?" सगळे हसले. मंडळी, तुम्हीही हसलात.

भर दुपारी तो माझ्याजवळ आला. "भाऊ, मन्हा हात आते उठस नही." मी कप्तानाकडे धावलो. कप्तान म्हणजे रावसाहेबांचे थोरले चिरंजीव. लिंबाखाली, सावलीत फील्डिंग करत होते! म्हणाले, "टाकू दे. दुसरं आहे कोण?" खरंच, दुसरं होतं कोण? कोणी घेतलंच नव्हतं. नथूभाऊ परत गेला, धावत आला आणि विकेटपाशीच कोसळला. लोक म्हणतात, ऊन लागलं. ऊन लागलं म्हणे! त्याला उन्हात ठेवलं कोणी?

रावसाहेब, शहाद्याशी पुन्हा सामना तुम्हीच ठरवलाय. मामलेदारसाहेबांना आमंत्रणही तुम्हीच दिलंय. आता माघार नाही. आणि नथूभाऊला पडताना पाहिलेल्या संघातल्या पोरांनीच काल कप्तान मला केलंय. या खेपेला तुमचे दोन्ही चिरंजीव संघात आहेत, काळजी नको. फक्त बॅटी घरी ठेवायच्या. थोरले नथूभाऊच्या बाजूनं चेंडू टाकतील, धाकटे माझ्या. बाकी आम्ही नऊ बॅटवाले! हात उठेनासा झाला तर मला येऊन सांगा म्हणावं. मी लिंबाखाली उभा असेन.

उठा मंडळी. नथूभाऊला एक ओव्हर टाकायला जेवढा वेळ लागायचा, तेवढा वेळ गप्प उभं राहू. नथूभाऊ, राम राम रे भाऊ.

रावसाहेब, छत्री मिटा.