बोरन्हाणातलं मोठं चॉकलेट

पाहुण्यांच्या पोरांकडून कधी घर आवरून घेतलंय का? मी घेतलंय.

यंदा संक्रांतीत आमच्या छोटीचं बोरन्हाण होतं. ह्यांच्या सुपा एमआयडीसीतल्या कंपनीतली पाच कुटुंबं आली आणि त्यांची मिळून अकरा पोरं. छोटीच्या डोक्यावरून मुरमुरे, बोरं, उसाचे तुकडे आणि गोळ्या ओतल्या, तशी पोरं तुटून पडली. मिनिटभरात गोळ्या तेवढ्या गायब! बाकी सगळा राडा हॉलभर, बोरं तर पायाखाली चिरडलेली. त्यांच्या आया सोफ्यावर बसूनच विचारतात, "वहिनी, आवरू लागू का?"

"छे हो, बसा तुम्ही," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

मग पोरांच्या कानात हळूच सांगितलं, "आरं, त्यातलं मोठं चॉकलेट कुणालाच न्हाई सापडलं व्हय? मुरमुरे, बोरं सगळं या सुपात भरा, मग दिसंल."

दहा मिनिटांत फरशी लख्ख. सोफ्याखालची दिवाळीची पणतीसुद्धा निघाली. चॉकलेट कुठून निघणार, मी टाकलंच नव्हतं! शेवटी हातावर तिळाचे लाडू ठेवून पोरांची समजूत काढली.

सगळे गेल्यावर दार लावून वळते, तर आमचे हे मोबाईलचा टॉर्च लावून दिवाणाखाली आडवे.

"पोरांना न्हाई सापडलं. मला तरी खरं सांग, कुठं हाय?"

मोरीत पंचवीस माणसांच्या भांड्यांचा ढीग पडला होता. मी म्हटलं, "खरकट्यात गेलं असंल. एकेक भांडं घासून बघा."