नवो साहेब इलो

नोंदणी कार्यालयाच्या रांगेत माझ्यापुढे किशोरी आणि तिची म्हातारी आत्या होती.

"आत्ये, आज आपला काम होतला. नवो साहेब इलो."

"तुका कोणी सांगल्यान?"

"रिक्षावाल्यान. तेनाच स्टँडावरसून हाडल्यान तेका. सात म्हयने खुर्ची रिकामी होती, ती आज भरतली."

"मगे घर आजच तुज्या नावार करूया. माजो हात आज बरो चलता. सकाळी तीन वेळा सही करून बघलंय, तिनय एकसारखी इली."

"चष्मो हाडलंस मा?"

"हाडलंय गो. तू पुढे हो."

खिडकीपाशी किशोरी कारकुनाला म्हणाली, "भाऊ, आमचं बक्षीसपत्र आहे. नवे साहेब आलेत ना?"

"आलेत. पण इथला चार्ज नावापुरता सांभाळणारे प्रभारी साहेब दुसऱ्या तालुक्यात बसतात, ते आज आलेले नाहीत. त्यांच्याकडून चार्ज मिळाल्याशिवाय हे नवे साहेब सही कशी करणार?"

"मग नवे साहेब आहेत कुठे?"

"तुमच्या मागे, भिंतीपाशी. बॅगेवर बसलेत ते."

आत्या वळली. "अरे बाबा, तुका बसाक खुर्ची नाय?"

"चार्ज मिळाला की मिळेल, आजी."

"मगे खुर्ची गावली काय पयली हाक माका मार. माजो हात रोज असो चलणा नाय."