बटण न दाबलेलं पुस्तक

— अहो मास्तर, आधी बसा तरी. खुर्ची डाव्या हाताला, नेहमीचीच. बाकीच्या शाळेला देऊन टाकल्या, कपाटंही गेली, म्हणून तर आवाज घुमतोय. हो, संस्था बंदच करतेय. वीस वर्षं अंधांसाठी पुस्तकं वाचून सीडीवर भरली — पुरे झालं. आता फोनच वाचून दाखवतो, आपल्याला कोण विचारतंय? दीर, म्हणजे आमचे सेक्रेटरी, कधीचे मागे लागलेत, वहिनी, आवरा आता. मी म्हटलं, शेवटचा सभासद पुस्तक मागतोय तोवर नाही. शेवटचे सभासद कोण? तुम्ही! आणि तुमचं काय, एक सीडी परत केली की दुसरी मागून मोकळे!

मागे त्या प्रवासवर्णनाबद्दल म्हणालात, "बाई, शेवट काय सुंदर वाचलात!" अहो, ती सीडी कोरी होती! तीन तास घसा फोडला मी, आणि रेकॉर्डिंगचं बटणच दाबलं नव्हतं. माफी मागायला तोंड उघडलं, तर तुम्ही आपले कौतुक करताय! गणिताचे मास्तर ना तुम्ही? थाप तरी पडताळून मारायची! — हसू नका. फोनवर ऐकता ना सगळं? मग दोन बस बदलून इथे कशाला यायचात? बाईंची संस्था बंद पडू नये म्हणून? वाटलंच मला.

कधी कळलं? — गेल्या वर्षीच. आता वजाबाकी करत बसू नका. कळलं तरी वाचत राहिले मी, बटण दाबून, अगदी नीट. कोणी ऐकणार नाही हे ठाऊक असून. का म्हणजे? दर मंगळवारी तुम्ही यायचात म्हणून. हे गेल्यापासून माझ्याशी दोन शब्द बोलणारं दुसरं होतं कोण? — जाऊ दे, काहीतरीच बोलते मी.

मग आता बंद का? तुम्ही सांगणार नव्हतात, पण तुमच्या नातीने फोन केला. गेल्या मंगळवारी इथे येताना बसमधून उतरताना पडलात ना? लपवताय काय, मनगटाला पट्टी दिसतेय मला. न ऐकलेल्या पुस्तकांपायी हाडं मोडून घेणार? मला नाही चालायचं ते. म्हणून बंद. दिरांना सकाळीच सही करून दिली.

काय म्हणालात? मंगळवारी मी तुमच्याकडे यायचं? वाचायला? का, फोनला कंटाळलात?

— बरं, पहिलं कुठलं पुस्तक आणू, ते सांगून ठेवा.

निघा बघू आता. खाली तुमच्यासाठी बोलावलेला टॅक्सीवाला हॉर्न वाजवतोय.