नानांच्या रॉकेटमधला कापूस

अक्का, नानांची मुलं-सुना, शाळेतली सहकारी मंडळी, मुक्ताईनगरहून सकाळी निघून आलेले नानांचे भाऊबंद, आणि मागे व्हरांड्यापर्यंत उभे असलेले माजी विद्यार्थी,

मंगळवारी आपले वासुदेवनाना गेले. आज बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नाव नव्हतं. मीच ते मुद्दाम घालून घेतलं. खरं सांगू? आत येताना ही गर्दी पाहिली आणि पहिला विचार आला, आपल्या वेळी एवढी माणसं येतील का? अशा दिवशीसुद्धा हेच!

बावीस वर्षं आम्ही पाचोऱ्याच्या या शाळेत अकरावी-बारावीला शिकवलं. नाना भौतिकशास्त्र, मी रसायनशास्त्र. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी. आणि बावीस वर्षं मी या माणसावर जळलो.

तुम्हाला नानांची रॉकेटं आठवतात. मला माझी आठवतात. हो, मीही करायचो. नानांची बघून, त्यांच्यावर ताण करायची म्हणून. त्यांचं रॉकेट पुठ्ठ्याच्या साध्या नळीचं. माझं चंदेरी रंगाचं, वर झेंडा, खाली चार भलेमोठे पंख. त्यांचं सरळ वर जायचं. माझं निम्म्यावर जाऊन वळायचं आणि हेडमास्तरांच्या खुर्चीकडे निघायचं. लोक पळायचे. त्या पळण्यालाही मी दाद समजायचो.

एकदा नाना हळूच जवळ आले. म्हणाले, "सर, शेपटी नका वाढवू. नाक हलकं हाये तुमचं. नाकात चिकणमाती भरा थोडी."

नाक हलकं! मला ते टोचलं. मी म्हणालो, "माझ्या नाकाचं मी बघतो."

त्यांना राग आला नाही. त्यांना राग यायचाच नाही, त्याचाही मला राग यायचा. त्यांनी माझंच रॉकेट उचललं, जिथे ते बोटावर तोलून राहतं तिथे दोरी बांधली, आणि मैदानात उभं राहून डोक्याभोवती गरगर फिरवलं. ते आडवंतिडवं गटांगळ्या खायला लागलं. नाना म्हणाले, "हे पाहा. नाक पुढं ठेवून फिरलं पाहिजे. दोरीवर जे सरळ चालत नाही, ते वर काय सरळ जाईल?" रात्री घरी जाऊन मी गुपचूप माती भरली. ते रॉकेट सरळ गेलं. नानांचे आभार मानले का? नाही मानले.

किती गोष्टी या माणसाने मला अशा न मागता दिल्या. नळीवर सरळ रेघ मारायची तर नळी दाराच्या चौकटीच्या खाचेत धरायची. पंख कापताना लाकडाचे तंतू पंखाच्या पुढच्या कडेला धरून जायला हवेत, नाहीतर पंख फडफडून मोडतो. गोंद एकदम थापायचा नाही, थोडा थोडा दोनदा लावायचा. उडवायची दारू कधीही घरी भरायची नाही, दारू भरलेली मोटर तयारच आणायची. आणि रॉकेटला अलगद खाली आणणारी छत्री? आपल्याकडे केळीच्या घडाला जी पातळ पिशवी घालतात, तिची. ही कल्पना मला का सुचली नाही? माझ्याही सासऱ्यांची केळी आहे हो!

आता ज्यासाठी उभा राहिलोय ते सांगतो.

धुळ्याच्या विज्ञान प्रदर्शनातलं नानांचं रॉकेट तुम्हाला माहीत आहे. रॉकेट वर पोचलं की मोटर शेवटी एक छोटा भडका मारते, त्याने छत्री बाहेर ढकलली जाते. छत्री जळू नये म्हणून मध्ये न जळणारा खास कागद कोंबतात. त्या दिवशी नानांचा कागद संपला होता. त्यांच्या पिशवीत घरचा कापूस होता. कापसाच्या मुलखातली आपण माणसं, प्रत्येक भोकात कापूसच कोंबणार. पण नाना थांबले. मला विचारलं, "सर, तुम्ही केमिस्ट्रीवाले. कोरडा कापूस चालीन का?"

मला माहीत होतं. कोरडा कापूस पेट घेणार, मला शंभर टक्के माहीत होतं. मी म्हणालो, "न चालायला काय झालं?"

रॉकेट काय सुंदर गेलं! मग वर धूर दिसला, छत्रीचा गोळा झाला, आणि ते नाकावर येऊन मैदानात रुतलं. परीक्षकांसमोर नाना म्हणाले, "चूक माझी." माझं नाव घेतलं नाही. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आणि पुढे आपल्या स्टाफरूममध्ये कुणाचं काही फसलं की आपण काय म्हणायचो? "नानांचा कापूस." ते पहिल्यांदा कोण म्हणालं? मी म्हणालो. आज याच सभेत दोघांनी ते प्रेमाने आठवलं, तुम्ही रडता रडता हसलात. मला बसवेना.

परवा अक्कांना भेटायला नानांच्या घरी गेलो होतो. तेव्हाही हे सांगायचंच ठरवून गेलो होतो. अक्का म्हणाल्या, "ते म्हनायचे, बाकीचे लोकं टाळ्या वाजवतात. यक महाजन सर तेवढे शेवटलोक रॉकेटकडे पाहतात." अक्का, मी ते कधी पडतं याची वाट पाहत होतो. हे मला परवा तुमच्यासमोर सांगता आलं नाही. चहा पिऊन परत आलो.

तर मंडळी, कापूस नानांचा नव्हता, माझा होता. यापुढे कुणाचं काही फसलं तर माझं नाव घ्या. हे ऐकायला आज नाना नाहीत. ते असताना एवढं धाडस माझ्यात नव्हतं.

नाना, तुम्ही माझ्यापेक्षा मोठे होता. हे म्हणताना आत्ताही आत कुठेतरी दुखतंय, पण म्हणतो.

आता दोन मिनिटं शांत उभे राहू. अक्का, तुम्ही बसूनच राहा. आणि जन्मभर जे मागितलं त्याच्या उलट आज मागतो. माझ्याकडे कुणी पाहू नका. नानांच्या फोटोकडे पाहा.