कसाव्याच्या कांड्या

नेदरलँड्समधल्या झूटरमेरच्या बसथांब्यावर चारुताशेजारी सुरिनामच्या जंगलाकडच्या मायलेकी बसल्या होत्या. त्यांचं डच तिला आता सहज कळायचं.

"खिडकीतल्या कसाव्याच्या कांड्या कुठं गेल्या गं?" आईने विचारलं. कसावा म्हणजे साबुदाण्याचा कंद, एवढं चारुताला ठाऊक होतं.

"त्या काटक्या? वाळल्या होत्या, आई. टाकल्या."

"दिसतात वाळलेल्या. डोळा जिवंत असतो त्यांचा. आजीने दिल्या होत्या."

"मग गावाहून दुसऱ्या मागव."

"कुणाकडून? आजी गेली, तिच्या शेतात रान माजलं. आमच्यात कसावा बायकांचा. आईने कांडी द्यायची, लेकीने लावायची. तिची लेक मी एकटी, आणि मी इथे."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"सांगायचं नसतं. लेक आईमागून शेतात येते, तिला कळतं."

"इथे शेत कुठं होतं, आई?"

"कुठल्या डब्यात टाकल्यास?"

"हिरव्या. सकाळीच कचऱ्याची गाडी येऊन गेली."